कॅमेऱ्याची शिलेदारी

आपल्याकडे माणसाची चौकशी करण्याची एक जुनी रीत आहे. नावगाव झाले, कुलदैवत झाले, म्हणजे पुढचा प्रश्न येतो, "सध्या कुठे असता?" या प्रश्नात राहत्या घराची चौकशी नसते, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. कोणत्या कचेरीत, कोणत्या बँकेत, कोणत्या शाळेत आपले नाव हजेरीपटावर आहे, ते विचारणाऱ्याला हवे असते. देवळाच्या अग्रशाळेत, लग्नाच्या पंगतीत, जत्रेच्या रात्री पालखीची वाट पाहत बसलेल्या बायकांत हा प्रश्न मला गेली वीस-बावीस वर्षे विचारला जात आहे आणि त्याचे सरळ उत्तर मला अजून देता आलेले नाही. मी कुठेच नसते. मी कपड्यांची छायाचित्रे काढते. ज्याला ती हवी असतील तो मला बोलावतो, काम होते, ठरलेले पैसे बहुधा मिळतात, आणि दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा कुठेच नसते. एकदा एका वृद्ध मावशींनी माझे हे सारे निरूपण शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तें सगळें जालें बाये, पूण पगार कितलो?"

इंग्रजीत अशा माणसाला 'फ्रीलान्स' म्हणतात. लान्स म्हणजे भाला. कोणाही सरदाराला न बांधलेला, जो दाम देईल त्याच्या बाजूने लढणारा भालाईत, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. परंतु यासाठी समुद्रापार जाण्याचे कारण नाही. आपल्या लष्करी इतिहासात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार होते. बारगिराला घोडा व हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपली ढाल-तलवार घेऊन चाकरीला येई. शिलेदाराचा मान अधिक, त्याला मिळणारी रक्कमही अधिक. मात्र घोडा पडला तर तो सरकारचा पडत नसे, त्याचा स्वतःचा पडे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घराण्यांत असे शिलेदार होऊन गेले असतील. मी त्याच पेशाची. घोड्याच्या जागी कॅमेरा आहे, एवढेच.

कापडाकडे पाहावे कसे, हे मी प्रथम कोठे शिकले असे कोणी विचारले, तर मुंबईतल्या स्टुडिओआधी मला फोंडा महालातले आमचे देऊळ सांगावे लागेल. पालखीच्या दिवशी उत्सवमूर्तीला नेसवायच्या साडीच्या निऱ्या आमचे भटमाम सभामंडपाच्या एका कडेला बसून अगोदर घालून ठेवीत. मूर्ती उंचीने हातभर, साडी नऊ वार. एवढे कापड एवढ्या लहान देहावर बसवायचे, तरी ते गाठोड्यासारखे दिसता कामा नये. काठ पुढे यावा, जर झाकली जाऊ नये, पदर खांद्यावरून ओघळल्यासारखा वाटावा, आणि पालखी खांद्यावर हलत असताना त्यातले काहीही सुटू नये. भटमाम निऱ्या घालताना मधूनच उठून पाच पावले मागे जात, थोडे वाकत, आणि तेथून पाहत. मी लहानपणी त्यांना विचारले, "भटमाम, मागे कशाला जाता?" ते म्हणाले, "भाविक जिथून पाहणार, तिथूनच बरे दिसले पाहिजे. माझ्या जागेवरून बरे दिसून काय उपयोग?" देवीला वाहिलेल्या साड्यांची पुढे पावणी होई. पावणीत घेतलेली एक हिरवी साडी आजीने कित्येक वर्षे फक्त देवळात जातानाच नेसली. कापडाला किंमत असते, आणि ते कोणी ल्यायले यावर दुसरी एक किंमत चढते, हे व्यापारशास्त्र मला त्या पावणीत समजले. ज्याला फॅशन म्हणतात त्या धंद्याचा निम्मा भाग याच समजुतीवर चालतो.

मडगावला वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी २००३ साली मुंबईस गेले आणि चार वर्षे एका नावाजलेल्या छायाचित्रकाराकडे असिस्टंट म्हणून राहिले. असिस्टंट या शब्दाने कोणी भलती कल्पना करून घेऊ नये. सकाळी सर्वांच्या आधी स्टुडिओ उघडणे, दिव्यांचे स्टँड उभे करून त्यांच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवणे, जमिनीवरच्या वायरी चिकटपट्टीने बसवणे, चहा सांगणे आणि दिवसभर उभे राहणे, याचे नाव असिस्टंट. रोजी कामाच्या दिवसापुरती. काम नसेल त्या दिवशी काही नाही. फिल्मची अखेरची वर्षे होती ती. प्रकाश बसवला की आधी पोलरॉइड कागदावर चाचणी घ्यायची, तो कागद काखेत धरून उबेने चित्र उमटू द्यायचे, आणि मग खरी फिल्म. दोन-तीन वर्षांत ते सर्व गेले आणि कॅमेऱ्यामागे संगणक आला.

या चार वर्षांत मी कॅमेरा फारच थोडा हाताळला. मी शिकले ते वेगळेच. मासिकातल्या चित्रात अंगावर मापात बसलेला दिसणारा अंगरखा पाठीमागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी ओढून धरलेला असतो. उभ्या माणसाचे संपूर्ण चित्र घेताना कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, तर पाय आखूड दिसतात. तो कमरेच्या उंचीवर आणावा लागतो. पांढऱ्या कपड्याला वाजवीपेक्षा थोडा अधिक प्रकाश पडला की त्याचा पोत नाहीसा होऊन चुन्याची भिंत उरते, आणि काळ्या मखमलीला बाजूने प्रकाश दिला नाही तर ती कोळशाचा ढीग होते. बारीक चौकड्यांच्या कापडावर डिजिटल कॅमेरा कधी कधी इंद्रधनुष्याच्या लाटा उमटवतो. त्या कापडात नसतात, कॅमेऱ्याच्या जाळीत आणि कापडाच्या विणीत भांडण लागले म्हणजे निर्माण होतात. अशा वेळी एक पाऊल पुढे किंवा मागे सरकावे, भांडण मिटते. आणि सर्वांत महत्त्वाचे यंत्र कॅमेरा नव्हेच, वाफेची इस्त्री. कपड्यावरची एक चुणी शंभर दिव्यांनी लपत नाही.

आता, नोकरी सोडून कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाविषयी आपल्या तरुण मंडळींत एक पराक्रमाची कल्पना असते. राजीनामा फेकला, हिमालयात गेला, कीर्ती मिळवून परत आला, असा काहीसा तो प्रकार. ज्यांची नावे या पेशात खरोखर टिकली, त्यांची चरित्रे पाहिली तर पराक्रमापेक्षा हिशोब अधिक दिसतो. लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) रुडकीला शिकून १८६६ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे आणि अंदाजपत्रके काढता काढता त्यांनी छायाचित्रण हस्तगत केले. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांचे उत्तेजन त्यांना मिळाले. खात्याची नोकरी त्यांनी सोडली ती पुष्कळ वर्षांनी, हाती स्टुडिओ आणि गिऱ्हाईक असताना. पुढे ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, 'राजा' ही पदवी पावले, आणि १८९०च्या दशकात त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला, जेथे चित्रे घेणारीही स्त्रीच असे. कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती अडचण आहे हे ओळखून ती दूर करणे, हे त्या माणसाला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी उमगले होते.

गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकलेला हा मराठी गृहस्थ बरीच वर्षे लिंटास या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात नोकरीला होता. चित्रपटसृष्टीतील चेहऱ्यांची त्यांची चित्रे नोकरी चालू असतानाच गाजू लागली होती. पूर्ण वेळ स्वतंत्र झाले ते त्यानंतर. 'फेसेस' हे त्यांचे पुस्तक १९९७चे. प्रबुद्ध दासगुप्ता (१९५६–२०१२) हे इतिहासाचे पदवीधर, जाहिरातींचा मजकूर लिहिण्याच्या नोकरीत होते. छायाचित्रण स्वतःच शिकले आणि फॅशनच्या चित्रणात मोठे नाव मिळवले. अखेरच्या काळात ते गोव्यात राहत, आणि गोव्यातील ख्रिस्ती समाजावरचे त्यांचे 'एज ऑफ फेथ' हे पुस्तक २००९ साली निघाले. फॅशनवाल्याने काढलेले ते चित्रसंग्रह पाहून मला पहिल्यांदा वाटले की, कपड्यांची चित्रे काढणाऱ्याला कपड्याआतला माणूस दिसत नाही हा आरोप सरसकट खरा नाही. तिघांनीही बारगिरी करता करता आपला घोडा पोसला होता.

माझा घोडा लहान होता. असिस्टंटगिरीतून साठलेल्या पैशांत जुना कॅमेरा आणि एक लेन्स आली. नवख्या छायाचित्रकाराला काम हवे तर आधी केलेले काम दाखवावे लागते, आणि केलेले काम असायला आधी काम मिळावे लागते. या पेचातून सुटण्यासाठी आमच्याकडे एक सहकारी पद्धत आहे. नवी मॉडेल, नवी मेकअप करणारी, नवा शिंपी आणि नवा छायाचित्रकार एकत्र येतात, कोणी कोणाला पैसे देत नाही, दिवसभर चित्रे काढतात आणि ती सर्वांनी आपापल्या वहीत लावायची. अशी मी दीड वर्षात बरीच सत्रे केली. त्यातील फार थोडी चित्रे आज दाखवण्यासारखी आहेत, परंतु त्या सत्रांतली शिंपीण पुढे मोठी झाली आणि तिने तिच्या पहिल्या संग्रहाचे काम मला दिले. या धंद्यात वरच्याला ओळखण्यापेक्षा शेजारच्याला ओळखणे अधिक फलदायी ठरते, असा माझा अनुभव आहे.

मासिकांची पाने हा आणखी एक भ्रम. 'व्होग'ची भारतीय आवृत्ती २००७ साली सुरू झाली, इतरही विलायती मासिके आली, आणि आम्हां सर्वांना दिवस पालटल्यासारखे वाटले. परंतु मासिकाच्या पानावर नाव छापून येते आणि मानधन बेताचेच येते; घर चालते ते कॅटलॉगवर. कॅटलॉग म्हणजे पांढऱ्या पडद्यासमोर दिवसाला चाळीस कुडते, समोरून, मागून, बाजूने. त्यात कला किती, असे काही मित्र तुच्छतेने विचारीत. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. आमच्या देवळात रोजची पूजा आणि जत्रेची पूजा यांत भटमामांनी कधी उजवे-डावे केले नाही.

पैशांविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण सांस्कृतिक मासिकांतून ते कोणी लिहीत नाही आणि नवी मुले त्यापायी बुडतात. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा कलावंताला त्याच्या कृतीचा पहिला मालक मानतो. परंतु त्याच्या सतराव्या कलमात छायाचित्रासाठी एक अपवाद आहे. कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून छायाचित्र काढून घेतले आणि उलट असा करार नसला, तर पहिला मालक पैसे देणारा असतो. कवीला ही धास्ती नाही, आम्हांला आहे. म्हणून मी काम घेण्यापूर्वी एक पानी करार पाठवते: चित्रांची मालकी माझी, वापर अमुक कॅटलॉगात आणि अमुक संकेतस्थळावर, मुदत एक वर्ष, रस्त्यावरच्या मोठ्या फलकावर लावायचे तर वेगळा आकार. पुष्कळ व्यापारी प्रथम हसतात. नंतर सही करतात.

दुसरी गोष्ट थकबाकीची. एका कंपनीने माझे पैसे अकरा महिने अडकवून ठेवले. दर वेळी हिशेबनीस रजेवर. शेवटी एका सनदी लेखापालाने मला २००६चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांचा कायदा दाखवला. त्या कायद्याखाली नोंदलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत दिलेच पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. एकटी छायाचित्रकारही या कायद्याने उद्योग ठरू शकते. माझी नोंद सुदैवाने त्या कामापूर्वीच झालेली होती. कलम नमूद करून दोन परिच्छेदांचे पत्र पाठवले. हिशेबनीस त्याच आठवड्यात रजेवरून परतले.

२०१४ साली आईची प्रकृती ढासळल्यामुळे मी गोव्यास परत आले. मुंबईचे काम जाऊन-येऊन करीन असा बेत होता आणि काही वर्षे तो चाललाही. मग मार्च २०२० मध्ये सारा देश बंद झाला आणि पाच महिने माझ्याकडे एक रुपयाचे काम आले नाही. शिलेदाराचा घोडा बांधून पडला तरी चारा खातोच. कॅमेऱ्याच्या कर्जाचे हप्ते हिशोबाला होते. मदतीला आले ते मडगाव-म्हापशाचे साडीवाले. गादीवर बसून घड्या उलगडून दाखवण्याचा त्यांचा धंदा ठप्प झाला होता, आणि त्यांनी मोबाइलवर साड्यांची चित्रे पाठवून विक्री चालू केली होती. चित्रे इतकी वाईट की गिऱ्हाइके घेतलेल्या साड्या परत धाडत. अंजिरी म्हणून मागवली ती तपकिरी निघाली, अशी भांडणे. अशा एका दुकानदाराने मला बोलावले आणि तेव्हापासून आजतागायत माझ्या मिळकतीचा निम्मा भाग साड्यांवर आहे.

साडीचे छायाचित्र हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे, पण येथे थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. शिवलेला कपडा अंगाचा आकार घेऊन येतो. साडी कोऱ्या कागदासारखी येते आणि नेसणारीवर ठरते. पैठणीसारख्या धूपछाव कापडात ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा, त्यामुळे मॉडेलने जरा मान वळवली की जांभळ्याची हिरवी होते. यातला खरा रंग कोणता? दोन्ही. म्हणून अशा साडीची मी दोन चित्रे देते आणि दुकानदाराला दोन्ही छापायला लावते. जरीला समोरून प्रकाश दिला तर ती पांढरा डाग होते. मोठ्या पडद्यातून गाळलेला प्रकाश बाजूने द्यावा लागतो, मग एकेक बुट्टी उजळते. आमच्या पावसाळ्यातला ढगाळ उजेड या कामाला इतका उत्तम की आषाढात मी दिवे लावतच नाही. व्हरांड्यात काम करते. आणि लाल. लाल रंगाने मला जितके छळले तितके कोणी छळले नाही. कॅमेऱ्यातला लालाचा भाग इतरांच्या आधी काठोकाठ भरतो, मग निऱ्यांमधल्या सावल्या नाहीशा होतात आणि साडीच्या जागी लाल पत्रा उरतो. प्रकाश कमी घ्यावा तर चेहरा काळवंडतो. आणि आपल्या समाजात लग्नाची साडी लालच हवी! कुणबी साडीचीही तीच कथा: लाल चौकडा, बारीक पांढऱ्या रेघा. लाल रंगाचा त्रास आणि चौकड्यांचे भांडण दोन्ही एकाच कापडात. वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) यांनी हातमागाच्या कुणबी साडीला पुन्हा दिवस आणण्यासाठी जे परिश्रम केले आणि 'मोडा गोवा' हा गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास २०१२ साली लिहिला, त्यामुळे आज ती साडी शहरी मुली हौसेने नेसतात. खांद्यावर गाठ मारून, गुडघ्यापर्यंत आखूड नेसून शेतात राबणाऱ्या बाईचे हे वस्त्र. ते चित्रात घेताना मी मॉडेलला उंच टाचांचे जोडे घालू देत नाही, एवढा माझा हट्ट आहे.

२०२२ सालच्या पावसाळ्यात मला एका मोठ्या जाहिरातसंस्थेचा दूरध्वनी आला. लग्नसराईसाठी वधूवस्त्रांचा संग्रह, चार दिवसांचे काम, आणि रक्कम अशी की कॅमेऱ्याचे उरलेले कर्ज एका रकमेत फिटले असते. त्यांचे गृहस्थ गोव्यास आले, सभ्यपणे बोलले, आराखडा दाखवला. त्यात आमच्या देवळाचा दीपस्तंभ होता, तळी होती, आणि तळीच्या पायऱ्यांवर पाण्यात पदर सोडून बसलेल्या मॉडेल होत्या. मला त्यांनी निवडले होते ते माझी साड्यांची चित्रे पाहून, असे ते म्हणाले, थोड्या वेळाने म्हणाले, "आणि ताई, तुम्ही महाजनांपैकी. परवानगीचा प्रश्न तुमच्या एका फोनचा आहे."

येथे मी धर्मबुडवेपणाची आरोळी ठोकणार नाही, कारण तसे मला वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही. कापड देवीला वर्ज्य नाही. दर जत्रेला तिला नवे लागते. देवळात नटूनथटून येणे हा आमच्या बायकांचा जुना हक्क आहे आणि तळीच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढून घेतलेली नवी जोडपी मी पुष्कळ पाहिली आहेत. मला खटकले ते निराळे. दीपस्तंभाला माझ्या पणजोबांनी एका काळी तेल घातले असेल; तसे ते आणखी शंभर घरांच्या पणजोबांनी घातले, आणि ज्यांची नावे महाजनांच्या यादीत कधी चढलीच नाहीत अशांनी त्या स्तंभाचे दगड वाहिले. त्या सर्वांच्या वतीने एका दुकानाला तो भाड्याने देण्याचा अधिकार माझ्या आडनावात येतो कोठून? कॅमेरा माझा आहे, तो मी भाड्याने देते. आडनाव माझ्या एकटीचे नाही. देवस्थान समितीकडे रीतसर अर्ज करा, माझे नाव मध्ये घालू नका, असे मी सांगितले. आणि त्याऐवजी जवळच्याच एका जुन्या घराचे राजांगण सुचवले, तुळशीवृंदावनासह, जेथे दुपारी तीन वाजता उजेड चौकात असा उतरतो की दिव्याची गरज पडू नये. त्यांना राजांगण नको होते. अर्ज करून वाट पाहण्यास वेळही नव्हता. काम गेले. दुसऱ्या राज्यातल्या एका तलावावर दुसऱ्या छायाचित्रकाराने ती चित्रे काढली. मी ती पाहिली. चांगली होती, दोन तर फारच चांगली होती, आणि त्या दोन चित्रांनी मला काही रात्री झोपू दिले नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

आईला सांगितले तेव्हा शाबासकी मिळेल अशी थोडी अपेक्षा होती. तिने विचारले, "मग या महिन्याचे कसे?" या महिन्याचे आणि पुढच्याही पाच महिन्यांचे कसे, याचे उत्तर त्या वेळी माझ्या बँकेत होते, म्हणूनच मी नकार देऊ शकले होते. २०२०च्या त्या पाच महिन्यांनंतर मी येणाऱ्या प्रत्येक रकमेतून पाचवा भाग बाजूला काढीत आले आहे आणि सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत नवे उपकरण घेतलेले नाही. नोकरदाराच्या वाट्याला असे प्रसंग येतात तेव्हा नकार कंपनीचा असतो आणि होकारही कंपनीचा; त्याच्या मनाला काय वाटले ते त्याच्या घरी. शिलेदाराला मात्र दोन्हींचा हिशोब आपल्या वहीत मांडावा लागतो. पुष्कळ गुणी मुले मी पाहिली, जी असल्या प्रसंगी मनाविरुद्ध होकार देत गेली. त्यांच्यापाशी तत्त्वे नव्हती असे मी म्हणणार नाही. त्यांच्यापाशी पुढच्या महिन्याचे भाडे नव्हते.

आता आणखी एक संकट दाराशी उभे आहे. अमेरिकेच्या 'व्होग'च्या ऑगस्ट २०२५च्या अंकात 'गेस' या कंपनीच्या जाहिरातीत एक सुंदर स्त्री छापून आली. ती जगात कोठेच नाही, संगणकाने बनवलेली आहे. त्यावर बराच गदारोळ झाला. आमच्या साडीवाल्यांच्या मुलांनीही मला असले प्रयोग दाखवले: साडी टेबलावर पसरून मोबाइलने टिपली की यंत्र ती एका काल्पनिक बाईला नेसवून देते. मॉडेल नको, मेकअप नको, मी नको. एका मुलाने मोठ्या उत्साहाने दाखवलेले चित्र मी भटमामांसारखे पाच पावले मागे जाऊन पाहिले. काठ चौथ्या निरीपर्यंत ठीक होता, पाचव्या निरीत त्याची नक्षी बदलली होती. पदरावर मूळ साडीत नसलेले दोन मोर होते. मी त्याला विचारले, "गिऱ्हाइकाने हे मोर मागितले तर कोठून आणणार?" त्याने ते चित्र वापरले नाही. परंतु यंत्र शिकत जाणार, मोर कमी होत जाणार, आणि पांढऱ्या पडद्यासमोरच्या चाळीस कुडत्यांचे काम माझ्या हातून जाईल असे मला दिसते आहे. त्या कामावर ज्यांची घरे चालतात अशा मॉडेल, मेकअपवाल्या आणि इस्त्री करणाऱ्या मुलांची मला अधिक काळजी वाटते. माझ्या वहीत सहा महिने आहेत, त्यांच्या वहीत बहुधा सहा दिवस.

गेल्या वर्षापासून पणजीची एक मुलगी माझ्याकडे असिस्टंट म्हणून येते. पहिल्या दिवशी तिने विचारले की कोणता कॅमेरा घेऊ. मी तिला वाफेची इस्त्री दिली. ती रागावली असावी, पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. आता निऱ्यांवर तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, कराराचे पान तीच तयार करते, आणि तिची रोजी मी काम संपल्या दिवशीच देते, पंचेचाळीस दिवस थांबत नाही. तिच्याही घरी तोच प्रश्न विचारतात म्हणे, सध्या कुठे असते. ती माझे नाव सांगते. अजून दोन वर्षांनी तिला ते सांगता येणार नाही, असे मी तिला बजावून ठेवले आहे.

उद्या सकाळी आठ वाजता म्हापशाहून साड्या यायच्या आहेत. एकंदर पस्तीस नग. त्यांतले बारा लाल.